उलट्या वळशांची वेल

आईच्या शेवटच्या चित्रातली वेल उलट्या बाजूने चढते, हे माझ्या आधी बागेच्या संचालकांच्या लक्षात आलं. त्यांनी चित्र टेबलावर पसरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक कागदाला टेकेल इतके खाली वाकले. मग म्हणाले, "हे बाईंनीच काढलंय ना?"

"हो. शेवटच्या आजारात. अंथरुणात."

"तरीच," ते म्हणाले.



त्यांनी पेन्सिलीचं मागचं टोक चित्रातल्या देठावर ठेवलं. "ही निळी वेल समोरून पाहिली तर डावीकडून उजवीकडे वर जाते. कुठेही लावा, कशावरही चढवा, तिचा तो हट्टच आहे. बाई मुलांना मनगट फिरवून दाखवायच्या, आठवतंय? आणि इथे पाहा. प्रत्येक वळसा उजवीकडून डावीकडे. एखादा चुकला असता तर समजलं असतं. सगळेच उलटे आहेत." पेन्सील वर सरकली. "शिवाय ही जागा राहिलीये."

चित्राच्या मधोमध, पानांच्या गर्दीत, कोरा कागद होता. वर गोलसर, खाली रुंद होत गेलेला. कडेची पानं तिथवर येऊन थांबली होती, काही तर अर्धीच. देठसुद्धा त्या कडेला तुटत होता आणि पलीकडे पुन्हा सुरू होत होता.

"हात थकला असेल," संचालक हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. अशा आजारात आधी नजर फसते, मग बाकीचं."

हे संचालक म्हणजे आईचे जुने सहकारी. ती घरी त्यांना 'लॅटिनवाले' म्हणायची, कारण ते चहात पडलेल्या मुंगीलासुद्धा शास्त्रीय नावाने बाहेर काढतात असं तिचं म्हणणं होतं. माणूस भला. त्यांनी माझ्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या. वर्गाच्या भिंतीवर लावायच्या तक्त्यांची मालिका आई करत होती, त्यातला हा शेवटचा तक्ता मी दुरुस्त करून द्यावा. आणि जमलं तर तिची जागाच घ्यावी. आठवडाभर बागेसाठी चित्रं काढायची, शनिवारी सकाळी मुलांना शिकवायचं.

"तुम्हाला काय, डाव्या हातचा मळ," ते म्हणाले. "कॉम्प्युटरवर डावीकडचं उजवीकडे फिरवायचं, वेल सरळ होईल. मधली जागा पानांनी भरून टाका. पुढच्या शनिवारचा वर्ग घेऊन तर पाहा, मग ठरवा."

मी चित्र गुंडाळून घेतलं आणि बागेच्या मागच्या फाटकाने बाहेर पडले.

माझ्या हाताला खरंच असल्या कामाची सवय होती. फळांच्या रसाच्या खोक्यांवर जी फळं असतात ती मी काढते. न चेपलेली, न किडलेली, पाण्याचा एक थेंब ठरावीक जागी असलेली. पहिलं खोकं मी हौसेने घरी आणलं होतं तेव्हा आईने ते हातात घेऊन विचारलं, "हे सफरचंद कुठल्या झाडाचं गं?"

"कुठल्याच नाही, आई. ते नुसतं सफरचंद आहे."

"अरेरे," ती म्हणाली. "अनाथ."

तिच्या पानांना मात्र आई-बाप, पत्ता, दुखणीखुपणी, सगळं असायचं. अळीने खाल्लेलं भोक ती अळीइतक्याच सावकाशीने काढायची. तिला झाडं आवडायची, चित्रं काढायला आवडायची आणि जे दिसलं ते दुसऱ्याला दाखवल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. तरुणपणी सगळ्यांनी तिला सांगितलं, एक काहीतरी निवड. मावशी म्हणायची, "तीन डगरींवर पाय ठेवून कोण उभं राहिलंय?" त्यावर आईचं उत्तर ठरलेलं असे, "म्हणून तर मी बसून काम करते." बागेत बियाणं ठेवायची एक खोली रिकामी झाली, ती तिने मागून घेतली. दिवसभर तिथे ती बागेसाठी चित्रं काढी आणि शनिवारी त्याच टेबलाभोवती मुलं बसवी. प्रदर्शन एकही भरवलं नाही, कुठली पदवीही नव्हती. पण सकाळी निघताना ती घाईत असायची. कामाला निघालेलं माणूस इतकं खूश असू शकतं, हे मी इतर घरांत फारसं पाहिलं नाही.

तिचा नियम मी लहानपणीच शिकले होते. माहीत आहे ते काढू नका, दिसतंय ते काढा. फूल दुपारपर्यंत मिटणार असेल तर आधी फूल. जे आधी जाणार ते आधी.

म्हणून मला नोकरीपेक्षा, तक्त्यापेक्षा, त्या 'तरीच'ची धास्ती होती. तिची नजर फसत होती, डोकं साथ देत नव्हतं, तर मग त्या शेवटच्या आठवड्यांत मी कोणाजवळ बसले होते?

त्या आठवड्यांत तिची वाचा जवळजवळ गेली होती. पाठीत बळ नव्हतं, दोन उशांना टेकून ती अर्धवट पडलेली असे. खाट आम्ही फिरवून घेतली होती, दोन्ही बाजूंनी तिला उचलता यावं म्हणून. त्यामुळे खिडकी तिच्या डोक्यामागे गेली आणि पायांकडे, बाजूच्या भिंतीला, आलं कपड्यांचं कपाट. मी खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. तिथून मला तिचे विरळ झालेले केस दिसत, कपाळाची कड दिसे आणि मांडीवरच्या फळीवर फिरणारा हात. उजवा हात शेवटपर्यंत चालत होता. फळीवर काय चाललंय ते ती पाहू देत नसे. काम अर्धं असताना कोणी डोकावलेलं तिला कधीच खपत नव्हतं.

माझ्याकडे मात्र ती पाहत नसे. मी हाक मारली तरी मान वळवायची नाही. वळवता येत होती, बाबा आत आले की ती दाराकडे वळायची. माझ्या बाजूला नाही. ती कपाटाकडे पाहत राहायची. हाताने कपाट दाखवायची. मला वाटायचं थंडी वाजतेय. मी कपाट उघडून शाल काढायचे, तिच्या अंगावर टाकायचे, की ती शाल ढकलून द्यायची. मी शाल परत ठेवून कपाट लावायला जावं तर घशातून असा आवाज काढायची की मी दचकून मागे सरकायचे. दार अर्धं उघडं टाकलं की शांत. डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, आता असं होणार, तयारी ठेवा.

ती गेल्यावर कपाटाचं दार आपोआप उघडायला लागलं.

म्हणजे ते पूर्वीपासूनच जरा ढिलं होतं. बाबा कागदाची घडी करून फटीत खोचायचे, ती पाचर महिनोन् महिने टिकायची. आता टिकेना. रोज दुपारी केव्हातरी आतल्या खोलीत बिजागरी करकरायची. आम्ही दोघं बाहेर जेवत असू तर बाबांचा घास हातातच थांबायचा. मग ते उठत, आत जाऊन पाचर खोचत, परत येऊन बसत.

"खोली तापते. लाकूड फुगतं," ते ताटाकडे पाहत म्हणत.

"हो."

एवढंच. मी एकदा त्यांच्या आधी आत गेले. पाचर जमिनीवर पडली होती आणि दार अर्धं उघडून थांबलं होतं, तिला लागायचं तितकंच. त्यापुढे एक बोटही नाही. मी ते लावलं नाही. खोलीतून उलट्या पावलांनी बाहेर आले, कारण पाठ फिरवायचं धाडस झालं नाही.

शनिवारी मी वर्गावर गेले. मुलांना मी माहीत होते. "बाईंची मुलगी आली," असं कोणीतरी कुजबुजलं आणि सगळी उठून उभी राहिली. बियाण्याची खोली तशीच होती, भिंतभर लहान लहान खण, मातीचा कोरडा वास, मधे लांब टेबल आणि टेबलावर एकच कुंडी. गर्दी बरीच होती, दोन रांगा करून बसावं लागत होतं. तिची खुर्ची मोकळी ठेवलेली होती. मी उभीच राहिले.

मुलांनी ब्रश पाण्यात बुडवले आणि पेल्याच्या काठावर दोनदा टिचकी मारली. टक टक. एकाने, मग दुसऱ्याने, मग खोलीच्या चारी बाजूंनी. आई तसंच करायची. ब्रशमधलं जास्तीचं पाणी झाडायची तिची पद्धत. घरात दुसऱ्या खोलीतूनही तो आवाज ऐकला की ती कामात आहे हे आम्हाला कळायचं. त्या आवाजाने मी टेबलाची कड घट्ट धरली. ती एका जागी नव्हती, इतकंच. ती सगळीकडे होती आणि कुठेही बोट ठेवता येत नव्हतं.

स्वतःला सावरायला मी मुलांमागून फिरू लागले. दुसऱ्या रांगेतल्या एका दोन वेण्यांच्या मुलीचं चित्र छान उतरलं होतं, पण मधेच मोठा पांढरा तुकडा होता.

"हे का सोडलंस?"

"लंबूचं डोकं होतं ना तिथे."

लंबू तिच्या समोर बसला होता. त्याचं डोकं खरंच थेट कुंडीच्या आड येत होतं.

"मग बाजूच्या पानांवरून अंदाजाने भरायचं," मी म्हणाले. तोंडातून निघालं ते माझं खोक्यांवरचं ज्ञान होतं.

मुलगी माझ्याकडे जरा दयेनेच पाहत होती.

"ताई, तसं केलं तर बाई रागावतात."

"रागावायच्या," तिच्या शेजारणीने हळूच सांगितलं.

"डोकं आलं तर डोक्याची जागा कोरी ठेवायची," पहिली पुढे म्हणाली. "मागचं पान आपण पाहिलेलंच नाही, तर काढायचं कसं? डोकं हललं तर बघायचं. पण हा हलतच नाही. झोपतो."

"ए, मी विचार करत असतो!"

"घोरत?"

सगळी हसली, मीही हसले. हा नियम मला ठाऊक नव्हता. मी घरी एकटी शिकले होते, आईच्या शेजारी बसून. माझ्या आणि फुलाच्या मधे कोणाचं डोकं कधी आलंच नव्हतं.

घरी परतताना ती पांढरी जागा माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. आणि तिच्यामागे दुसरी, आईच्या चित्रातली.

जेवण झाल्यावर मी आतल्या खोलीत गेले. जायचं नव्हतं, पण चित्र तिथेच होतं. आईच्या खाटेवर बसून मी कॉम्प्युटर उघडला. चित्राची प्रत आधीच त्यात घेऊन ठेवली होती. संचालकांनी सांगितल्याप्रमाणे ती डावीकडची उजवीकडे फिरवली. एक कळ दाबण्याचं काम.

वेल सरळ झाली. प्रत्येक वळसा डावीकडून उजवीकडे, जसा असायला हवा तसा. पण त्याबरोबर दुसरंही काही सरळ झालं. वेल ज्या गजावर चढत होती तो गज मधे किंचित वाकलेला होता. त्याच्या डाव्या बाजूला तारेचा एक वेढा होता आणि तारेखालच्या पानाला, देठाजवळ, एकमेकांत मिसळलेली दोन भोकं होती.

मी मागे वळले. खिडकीत वेल होती. मी रोज तिच्याशेजारी बसत आले होते. वाकलेला गज. डावीकडे तारेचा वेढा. तारेखालचं पान आता पिवळं पडलं होतं, पण भोकं तशीच होती.

नजर फसलेली नव्हती. फसलेल्या नजरेला सगळंच्या सगळं इतकं काटेकोर उलटं काढता येत नाही. तिने हीच वेल काढली होती, पान न् पान. पण वेल तिच्या डोक्यामागे होती, आणि मान मागे वळवून तिने ती पाहिल्याचं मी एकदाही पाहिलं नव्हतं.

बिजागरी करकरली.

पाचर जमिनीवर पडल्याचा आवाज आला, कागदाचा, अगदी हलका. मी वळून पाहिलं नाही. मान खाली घालून बसले आणि दार थांबायची वाट पाहिली. ते थांबलं. मग मी दोन उशा रचल्या, आई पडायची तशी पडले, आणि डोळे उघडले.

कपाटाच्या दाराला आतून आरसा आहे. लहानपणी मी त्यात वेण्या घालायचे. कडांना डाग पडलेत, म्हणून कोणी वापरत नाही आणि दार लावलं की तो असल्याचं आठवतही नाही. शाल काढता-ठेवतानाही माझं तिकडे लक्ष गेलं नव्हतं, आणि खुर्चीत बसले की मी तिच्या हाताकडेच पाहायचे. अर्ध्या उघड्या दारात आता खिडकी उभी होती, वेलीसकट. वळसे उजवीकडून डावीकडे वर जात होते.

मी हलले नाही. शाल नको होती तिला. तिला आरसा हवा होता.

आणि वेल कुठल्या बाजूने चढते हे तिला पुरतं ठाऊक होतं. जन्मभर मनगट फिरवून तेच तर शिकवलं. तरी तिने माहीत होतं ते काढलं नाही, दिसत होतं ते काढलं. मला तिचं हसूसुद्धा दिसल्यासारखं झालं, लॅटिनवाल्यांची फजिती होणार म्हणून आलेलं.

"काय गं, बरं वाटत नाही का?"

बाबा दारात होते. बिजागरीचा आवाज ऐकून पाचर खोचायला आले असणार. मला खाटेवर पाहून ते चपापले, पण मागे फिरले नाहीत. "नाही, बरी आहे," मी म्हणाले. "दार लावू नका. बसा ना जरा."

ते खिडकीशी गेले आणि खुर्चीत बसले. माझ्या खुर्चीत. ते माझ्या मागे होते, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि आरशात ते समोर होते. त्यांनी थकून डोकं गजाला टेकवलं. आरशातल्या वेलीच्या मधोमध एक डोकं आलं आणि खाली खांदे. आजूबाजूची पानं तिथवर येऊन थांबत होती, काही अर्धीच. देठ कानाशी तुटत होता आणि खांद्यापलीकडे पुन्हा सुरू होत होता.

मी चित्र हातात घेतलं. खरं, न फिरवलेलं. त्यातली कोरी जागा बाबांच्या आकृतीपेक्षा अरुंद होती आणि एका बाजूला जास्त कललेली.

"बाबा, मी इथे बसल्या बसल्या झोपायचे का?"

"झोपायचीस म्हणजे काय. तोंड उघडं टाकून," ते म्हणाले. "मी उठवायला आलो की तुझी आई मला हाताने गप्प करायची. म्हणायची, म्हणजे म्हणता कुठे येत होतं तिला, पण असा हात करायची. हलवू नकोस म्हणून." त्यांनी आरशात हात करून दाखवला. सावकाश, तळवा खाली. "मला वाटायचं, पोरीची झोप मोडू नये म्हणून."

"तेही असेल," मी म्हणाले.

आरशात आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत होतो. तिथून कितीतरी स्पष्ट दिसतं. डोळ्याखालची सुरकुतीसुद्धा. ती इतके दिवस माझ्याकडे पाठ करून पडली आहे असं मी समजत होते, आणि ती सकाळी फूल उमलल्यापासून दुपारी मिटेपर्यंत माझ्यावर नजर लावून बसलेली असायची. माझ्या कडेकडेने एकेक पान काढत. मला न काढता.

जाताना बाबांनी खाली वाकून पाचर उचलली. मला वाटलं खोचतील. त्यांनी ती उलगडली, सपाट केली आणि खिशात टाकली.

पुढच्या आठवड्यात संचालकांनी चित्र पाहिलं तेव्हा त्यांच्या कपाळावरचा चष्मा खाली आला. "हे तर तसंच आहे."

"तसंच लावायचं आहे."

"अहो, पण मुलांना काय शिकवणार? वेल उलटी आहे!"

मी पिशवीतून हातात धरायचा आरसा काढला आणि चित्रासमोर धरला. ते आरशात वाकले. वेल डावीकडून उजवीकडे निघाली. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला. चष्माच पुसत होते, असं आपण म्हणू.

"बाई लबाड होत्या," ते म्हणाले.

"जागा मी घेते," मी म्हणाले. "पण ही कोरी जागा भरणार नाही. हे आधीच सांगून ठेवते."

शनिवारी तक्ता भिंतीवर होता आणि शेजारी खिळ्याला आरसा. वेल उलटी असल्याचं मुलांनी बघताक्षणी ओळखलं, आरशाची युक्तीही पटकन कळली. दोन वेण्यांची मुलगी मात्र तक्त्याजवळच उभी राहिली.

"इथे कोणीतरी बसलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"हललंच नाही?"

"नाही."

तिने कोऱ्या कागदाच्या कडेवरून, न टेकवता, बोट फिरवलं. डोक्यावरून, मानेवरून, खांद्यापर्यंत. मला ते माझ्या मानेवर जाणवलं.

"झोपलंय ते, बाई," ती म्हणाली. "मान बघा ना कशी पडलीये."

मी ब्रश पाण्यात बुडवला, काठावर दोनदा झाडला आणि रिकाम्या खुर्चीत बसले. "बसा सगळे," मी म्हणाले. "फूल मिटायच्या आत."

दुपारी घरी बिजागरी करकरते अजून. बाबा जेवत राहतात. मी आत जाते, खिडकीशी खुर्चीत बसते आणि जमेल तितकी स्थिर राहते. आरशात डोकावत नाही. कधी डोळा लागतो, कधी नाही.